अंगठ्याची जागा

काचेवर बोटं टेकवायची आणि दिवा हिरवा होईपर्यंत दाबून धरायची, एवढंच काम होतं. पण दिवा काही हिरवा होईना.

"मावशी, जरा जोरात दाबा," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

मावशीने जोर लावला. मातीचा गोळा फिरत्या चाकाच्या मधोमध दाबून धरण्यात छत्तीस वर्षं गेलेले हात ते. टेबलावरचा पेनांचा डबा खडखडला. दिवा लाल तो लालच.

"अहो एवढं नको! यंत्र फुटेल."

"तूच म्हणालीस ना जोरात?"

मुलगी हसली. ओल्या फडक्याने बोटं पुसून झाली, कोरड्याने पुसून झाली, एकेक बोट सुटं ठेवून झालं. दोन करंगळ्यांनी कशीबशी घराण्याची लाज राखली. बाकीची आठ बोटं यंत्राच्या लेखी जन्मालाच आली नव्हती. शेवटी मुलीने तिचा हात उलटा करून पाहिला. बोटांची टोकं पाण्यातल्या गोट्यांसारखी गुळगुळीत. रेघ म्हणून नाही.

"काय काम करता तुम्ही?"

"मडकी घडवते. त्यासाठीच तर बोलावलंय तिकडे."

गंमत पाहा देवाची. ज्या हातांचं काम पाहायला बोलावणं आलं, त्याच हातांना दाराशी ओळख विचारली आणि ती त्यांना देता येईना.

गल्लीत सगळे तिला चाकवाली म्हणत. बोलावणं आलं होतं समुद्रापलीकडून, एका म्हाताऱ्या कुंभारणीकडून. उतारावर बांधलेली एक लांबलचक लाकडावरची भट्टी होती त्या बाईची. दर तीन वर्षांनी अकरा-बारा देशांतले मातीकाम करणारे तिथे जमत. आपापली भांडी मांडून प्रदर्शन भरवत, एकमेकांची माती चाखून पाहत, झिलईच्या कृती उघड्या करून सांगत, आणि शेवटी सगळ्यांची कच्ची भांडी एकाच भट्टीत भाजत. चाकवालीची एका राखेच्या झिलईची थाळी त्या बाईने पाच वर्षांपूर्वी कुणाच्या तरी फोनवर पाहिली आणि एवढंच विचारलं होतं: "राख कोणत्या झाडाची?"

तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. दोघींची भाषा वेगळी. फोन एकीचं बोलणं दुसरीच्या भाषेत मोडकंतोडकं करून देई, पण फुटलेल्या बरणीच्या फोटोला भाषांतर कशाला लागतं? राख धुवायची किती वेळा, भट्टी कोंडायची केव्हा, हे तिला घरात कोण विचारणार होतं? भट्टीवालीने विचारलं. भट्टीवालीच्या सांगण्यावरून हिने माती वर्षभर मुरवायला शिकून घेतलं, आणि हिच्या सांगण्यावरून तिने राख दोनदाच धुवायला सुरुवात केली. पाच वर्षांत दोघी एकदाही भेटल्या नव्हत्या.

आता म्हातारीचे गुडघे गेले होते. ही भाजणी शेवटची, मग भट्टीच्या विटा उतरवायच्या, असं तिने कळवलं होतं. आणि लिहिलं होतं: "भट्टीचं तोंड आपण दोघी मिळून लिंपू. तू या बाजूने, मी त्या बाजूने."

त्या एका ओळीसाठी चाकवाली त्या खुर्चीवर बसली होती.

आतून चष्मेवाले साहेब आले. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं.

"व्हिसाला दहाही ठसे लागतात, बाई. आणखी एकदा संधी मिळते. तीन आठवड्यांनी या. तोवर मातीला हात लावायचा नाही. कातडी भरून येते."

"आणि नाही आली तर?"

"मग आमच्या यादीतल्या डॉक्टरांचा दाखला लागेल. त्यांची तारीख..." त्यांनी पडद्यावर पाहिलं. "अडीच महिन्यांनंतरची आहे."

भाजणी पाच आठवड्यांवर होती.

तिचा नवरा शिंपी. बाहेर बाकावर तो दोघांच्या चपला सांभाळल्यासारखा पिशवी धरून बसला होता.

"झालं?"

"करंगळ्या पास. बाकी सगळे नापास."

"अरेरे," तो म्हणाला. "मग करंगळ्यांनाच पाठवू या पुढे."

हसायचं नव्हतं, तरी ती हसली.

घरी तीन भांडी भाजून तयार होती. चौथा होता मोठा रांजण, कमरेएवढा, नुकताच घडवून झाकलेला. प्रदर्शनाच्या मधोमध तोच उभा करायचा असं भट्टीवालीने ठरवलेलं. एवढ्या जाड अंगाचं भांडं हळूहळू सुकवावं लागतं. प्लॅस्टिकखाली, ओल्या फडक्यात, तान्ह्या बाळासारखं. घाई केली की तडकलंच.

"आता हे बाळ तुमचं," ती नवऱ्याला म्हणाली. "रोज सकाळी फडकं ओलं करायचं, पिळायचं, गळ्याभोवती गुंडाळायचं. प्लॅस्टिक काढायचं नाही. समजलं?"

"चाळीस वर्षं लोकांच्या गळ्याची मापं घेतोय. मला शिकवतेस?"

आणि सुरू झाली बिनहाताची राहणी. सकाळी उठलं की हात आपोआप मातीच्या टाकीकडे जायचे, ती त्यांना ओढून परत आणायची. भांडी नवरा घासू लागला. नणंदबाई मलमाची डबी आणि रबरी हातमोजे घेऊन आल्या आणि वहिनीला खुर्चीवर हात मांडीत ठेवून बसलेली पाहून दारातच थबकल्या.

"अगबाई! महाराणींचा दरबार भरलाय वाटतं."

"बसा ना वन्सं. चहा टाका येताना, दोन कप."

"ऐकलंस का रे दादा? मला चहा टाकायला सांगतेय ही!"

"मलाही सांगते," आतून आवाज आला. "साखर डाव्या डब्यात आहे."

चहा पिताना नणंदबाईंनी तिची बोटं हातात घेतली आणि मलम चोळता चोळता त्यांचा सूर उतरला. "वहिनी, इतकी झिजलीत गं तुझी बोटं. कधी बोलली नाहीस."

"दुखत नाहीत हो. मला तरी कुठे ठाऊक होतं?"

खरंच ठाऊक नव्हतं. फोनसुद्धा तिच्या अंगठ्याने कधी उघडला नाही, पण त्याचा दोष ती फोनला देत आली. नवऱ्याच्या अंगठ्याने उघडायचा, झालं काम. संसारात एकाच्या नाही तर दुसऱ्याच्या अंगठ्याने चालतं. मोठ्या दारांवर ती सोय नसते.

दहाव्या दिवशी उजव्या तर्जनीवर तिला बारीकशी रेघ दिसली. तिने ती नवऱ्याला दाखवली, त्याने शेजारणीला दाखवली, शेजारणीने चष्मा आणून पाहिली. बाराव्या दिवशी अंगठ्यावरही वळणं उमटू लागली, केसाएवढी. देवाने पहिल्यांदा माणूस घडवला तेव्हा त्यालाही असंच वाटलं असेल, असं मनात येऊन ती एकटीच लाजली.

चौदाव्या दिवशी दुपारी नवरा तयार कपडे पोचवायला गेला. जाताना म्हणाला, "तुझ्या बाळाला थोडी हवा दिलीय गं. घाम आला होता आतून."

"काय दिलंय?"

पण तो जिना उतरून गेला होता.

ती धावत कामाच्या खोलीत गेली. प्लॅस्टिक घडी करून नीट खुंटीवर ठेवलेलं, शिंप्याच्या हातची घडी. खिडकी सताड उघडी, वारा थेट गळ्यावर. आणि रांजणाच्या गळ्याला, आतल्या बाजूने, बोटभर लांबीचा तडा गेलेला. केसाएवढाच.

कोणाला बोलणार? ज्याने चूक केली त्याने मायेने केली होती. घाम पुसला होता त्याने.

तडा अजून ओलसर होता. आत्ताच्या आत्ता दाबला तर मिटणार होता. संध्याकाळपर्यंत थांबलं तर खांद्यापर्यंत उतरणार, आणि भाजताना सगळा रांजण दोन शकलं होऊन पडणार. तिने लाकडी पट्टी घेतली. पट्टी तड्यावरून नुसती घसरली. चमच्याची पाठ घेतली, तर कड उलट उचलली गेली. मग नणंदबाईंनी दिलेले रबरी हातमोजे चढवले. मोज्यातून माती मुकी लागत होती. किती दाबायचं, कुठे थांबायचं, काही सांगेना.

तडा तिच्या डोळ्यांदेखत एका तांदळाएवढा पुढे सरकला.

तिने ठरवलं असं म्हणता येणार नाही. हात आधी गेला आणि मन मागून हाका मारत राहिलं. उजवा मोजा निघाला. फक्त अंगठा, तिने मनाशी म्हटलं, बाकीची चार बोटं मुठीत. त्या मातीत ताकदीसाठी भाजल्या विटेची भरड मिसळलेली होती. वाळूच्या कागदासारखी. अंगठ्याने ती तडा दाबत गेली, चोपत गेली, थोडी ओली माती भरून पुन्हा दाबत गेली. माती बोलू लागली. इथे अजून, इथे पुरे. तासाभराने तडा मिटला. जिथे शेवटचा दाब दिला तिथे गळ्याच्या आत अंगठ्याएवढा खळगा राहिला. तो तिने तसाच ठेवला.

मग नळाखाली हात धरून पाहिलं. अंगठा लालबुंद आणि गुळगुळीत. चौदा दिवस धुऊन गेले होते.

नवरा आला तेव्हा रांजण झाकलेला होता.

"हवा मानवली ना त्याला?"

"मानवली," ती म्हणाली. "आता बास. आता नका देऊ."

उरलेले सात दिवस तिने अंगठ्याला मलम चोपडून फडक्यात बांधून ठेवलं. नवऱ्याने विचारलं, ती म्हणाली, दारात चेमटला.

दुसऱ्या खेपेला काउंटरवरच्या मुलीने तिला ओळखलं. "या मावशी. आज दाखवूच यंत्राला."

डाव्या हाताची बोटं ठेवली. हिरवा. डावा अंगठा. हिरवा. उजव्या हाताची चार बोटं. हिरवा! मुलीने टाळीच वाजवली, मागच्या रांगेतली माणसंही हसली.

मग उजवा अंगठा.

लाल.

"पुन्हा."

लाल.

मुलीने स्वतःच्या हाताने तिचा अंगठा काचेवर धरला. आईने पोराला अक्षर गिरवायला लावावं तसा डावीकडून उजवीकडे फिरवला. यंत्र तीनदा विचारतं आणि मग विचारायचं थांबतं. थांबलं.

"नऊ आहेत, सर," मुलगी आतल्या खोलीकडे वळून म्हणाली. "दहातले नऊ."

चष्मेवाले साहेब आले, त्यांनी अंगठा पाहिला, चष्मा काढून पुन्हा पाहिला. "माझ्या हातात असतं तर..." एवढंच म्हणाले. त्यांच्याही हातात नव्हतं. तिच्या हातात तर नव्हतंच. कुणाच्या हातात असतं अशा वेळी, ते ज्याचं त्याने वर पाहून विचारावं. चाकवालीने विचारलं नाही. तिने मुलीच्या गालाला हात लावला आणि पिशवी उचलली.

जिन्यात नवऱ्याने विचारलं, "कुठलं राहिलं?"

"उजवा अंगठा. जन्मापासूनच हट्टी आहे."

तो दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. दार, फडकं, प्लॅस्टिकची घडी, सगळं त्याच्या तोंडावर एकामागून एक येऊन गेलं.

"त्या दिवशी... ती हवा..."

"चला हो. बस चुकेल."

ती त्याच्या पुढे चालू लागली, म्हणजे त्याला तोंड लपवायला जागा मिळाली.

रांजण भाजला. शाबूत निघाला. चार भांडी पेंढ्यात आणि लाकडी खोक्यात बसून विमानाने तिकडे गेली. त्यांना बोटं कुणी विचारली नाहीत.

आणि एका दुपारी, नवरा दोऱ्याची रिळं आणायला बाहेर पडला तेव्हा, फोन वाजला. व्हिडिओवर भट्टीवाली होती, काठी टेकत. मागे मोठी खोली, अकरा देशांची भांडी, मधोमध तिचा रांजण, भोवती माणसं. एकजण रांजणाच्या खांद्यावरून हात फिरवत काहीतरी विचारत होता. राखेबद्दल असावं. चाकवालीला उत्तर ठाऊक होतं. तिने सांगायला तोंड उघडलं, पण तिकडे सगळे एकदम बोलत होते आणि आवाज पोचत नव्हता.

भट्टीवालीने रांजणाच्या गळ्यात हात घातला. चाचपत राहिली. मग तिचा चेहरा बदलला. तिने दिवा मागवला, फोन आत धरला. गळ्याच्या आत, तड्याच्या जागी, तो खळगा. म्हातारीने त्यात आपला अंगठा ठेवला. अगदी बसला. मग तो बाहेर काढून फोनसमोर धरला, इतका जवळ की पडदा भरून गेला. गोट्यासारखा गुळगुळीत. रेघ म्हणून नाही. म्हातारीला आपला देश सोडून कुठे जावं लागलं नाही, म्हणून तिची बोटं कधी कुणी विचारलीच नव्हती.

फोन बंद झाला. थोड्या वेळाने तिचा संदेश टिंगकन आला. भट्टी आता लावणार, तोंड लिंपणार, असंच काहीतरी असणार त्यात. चाकवालीने पडद्यावर अंगठा ठेवला. पुन्हा प्रयत्न करा, फोन म्हणाला. तिने अंगठा पदराला पुसला, पुन्हा ठेवला. पुन्हा प्रयत्न करा.

ती काळा पडदा हातात धरून खिडकीपाशी गेली. गल्लीच्या टोकाला नवरा कुणाशी तरी बोलत उभा होता, रिळांची पिशवी हलवत, हसत.

"अहो," तिने हाक मारली. "अहो, लवकर या ना."

त्याला ऐकू गेलं नाही.