बांडगुळाखालची फांदी

मित्रांनो, मी एक जुना जाड कागद आहे. वाळवलेल्या वनस्पतींच्या कपाटात राहतो. माझ्या अंगावर एक बांडगूळ शिवलेलं आहे.

बांडगूळ नेहमी ज्या झाडावर वाढलं त्याच्या फांदीसकट ठेवायचं, ही या कामातली रीत. आमच्या म्हाताऱ्या सरांनी तसंच आणलं. पण ते झाड कुठलं, हे त्यांनाही कळेना. पानं झडलेली, फूल नाही. आठवड्याभरात रस्त्यासाठी ते झाड कापलं गेलं. तसं दुसरं सापडलं नाही. उरली ती माझ्यावरची वीतभर फांदी.

नमुने शिवायचं काम काकूंचं. त्यांनी बारीक टाके घातले. सरांनी लेबलावर लॅटिनमध्ये वर्णन लिहिलं. शेवटी 'पॅरासिटिका इन रामिस', म्हणजे अमुक झाडाच्या फांद्यांवर वाढणारी परजीवी. पुढे झाडाच्या नावासाठी बोटभर जागा सोडली.

"काकू, एवढं नाव भरलं की मी डोळे मिटायला मोकळा."

"मग राहू द्या की रिकामं," काकू म्हणाल्या.

निवृत्त झाले तरी सर रोज यायचे. चार वर्षं त्या फांदीमागे लागले होते. ते डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात गेले आणि नव्या साहेबांनी कपाट उघडलं.

"एका कागदावर एकच झाड हवं. हे लाकूड काढा, दार लागत नाही."

"साहेब, सरांना एकदा विचारून..."

"त्या बांडगुळाला काय विचारायचं? पेन्शन खातो ते खातो, वर आमची खुर्ची अडवतो."

काकूंची नोकरी हंगामी. त्यांनी टाके उसवले. फांदी कचऱ्यात गेली. मी कागद, मला ओरडता येत नाही.

पुढच्या आठवड्यात सर धापा टाकत आले. हातात पत्र होतं. लाकूड ओळखणाऱ्या एका जाणकारानं लिहिलं होतं, नखाएवढी चकती पाठवा, नाव सांगतो.

सरांनी मला उघडलं. टाक्यांच्या भोकांवरून बोट फिरवलं.

"मीच काढली," काकू म्हणाल्या. "याच हातांनी."

"कागद कुठे फाटला नाही ना?" सरांनी विचारलं. पत्राची घडी करून ते गेले. परत आले नाहीत.

मित्रांनो, साहेबांना बढती मिळाली. काकू अजून माझ्यासमोर मान वर करत नाहीत. माझं एकच मागणं आहे. ज्याचं नाव तुम्हाला ठाऊक नाही, ते फेकण्याआधी कोणी त्याचं नाव शोधतंय का, हे विचारा. विचारायला कमीपणा वाटत असेल, तर हात लावू नका.