सुवर्णाच्या बायोडाटाची जाडी

जैनथजवळच्या एका गावात भगवानरावांची कापसाची शेती होती आणि गोठ्यात दोन म्हशी. त्यांची मुलगी सुवर्णा बी.एस्सी. झाली आणि आदिलाबादच्या एका खासगी डेअरीतून तिला मुलाखतीचा फोन आला. दूध संकलनाला सुपरवायझर हवी होती. सुवर्णानं मोबाइलवर बायोडाटा केला, झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढली आणि वडिलांच्या हातात दिली.

भगवानरावांनी कागद उलटून पाहिला. मागं काहीच नव्हतं.

"बाकीचं कोठी हाय?"

"एवढंच हाय, बाबा. मयूरी म्हणे, एकच पान पाह्यजे." मयूरी तिची मैत्रीण, हैदराबादला नोकरी करायची.

"इतकं शिकवलं तुले, अन् एका पानात सरलं?" भगवानरावांना खरोखर वाईट वाटलं. त्यांनी लगेच मेव्हण्याला बोलावलं.

अमृतरावमामा तहसीलमधून रिटायर झालेले. कागद पाहून त्यांनी चष्मा काढून ठेवला. "असं मुख्तसर, एका पानात लिवलं की साहेबाले वाटते, पोरगी काही लपवून राह्यली. तफसीलवार पाह्यजे. मिसल, म्हंजे फाइल, जाड असली की साहेब खुर्चीत सरळ होते."

मग ते स्वतःच लांब कागदांवर लिहायला बसले. नाव, शिक्षण झालं, आणि पत्त्याखाली त्यांनी घराच्या हद्दी घातल्या. पूर्वेला रस्ता, पश्चिमेला रामाजीची विहीर.

"मामा, हे कायले?"

"उद्या कोनं दावा लावला तं?"

भगवानरावांनी सुवर्णाचा शाळेतल्या पोत्याच्या शर्यतीतला तिसरा नंबर आणि अपेंडिक्सचं ऑपरेशन सांगितलं. चुलीपुढून सुवर्णाची आई बयनाबाई ओरडल्या, "हेबी लिवा! भुरी म्हैस साऱ्यायले लाथ मारते, फकत सुवर्णाले मारत नाही!"

मामांनी तेही सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि गठ्ठा दोऱ्यानं शिवला. सुवर्णानं वाद घातला नाही. आपलं एक पान तिनं गुपचूप पर्समध्ये ठेवलं.

मुलाखतीला भगवानराव सोबत गेले आणि दाराबाहेरच्या बाकावर बसले. मॅनेजर सुधाकरराव आदिलाबादच्या जुन्या मराठी घरातले. सुवर्णानं दिलेलं पान वाचून ते म्हणाले, "छान. थोडक्यात आहे."

थोडक्यात हा शब्द बाहेर ऐकू गेला. भगवानराव आत आले आणि गठ्ठा टेबलावर ठेवून म्हणाले, "साहेब, हे पुरं हाय."

सुवर्णाला टेबलाखाली शिरावंसं वाटलं. सुधाकररावांनी सभ्यपणे वाचायला घेतलं. हद्दींपाशी ते हसले, ऑपरेशनपाशी त्यांनी चहा मागवला आणि म्हशीपाशी थांबले.

"हे खरं आहे?"

"हो सर, पण ते आईनं..."

"आईचा नंबर द्या."

त्यांनी फोन स्पीकरवर लावून आपली ओळख सांगितली. पलीकडून बयनाबाई कडाडल्या, "डेअरीवाले का? बरं झालं! तुमच्या मशिनीत आमचं दूध रोज पातळच काऊन निघते?"

"बाई, हेच ऐकून ऐकून आमचा आधीचा सुपरवायझर पळून गेला."

"मंग आमच्या सुवर्णाले ठेवा ना. ते भेत नाही कोनाले. घरी मलेबी भेत नाही!"

सुधाकररावांनी फोन ठेवला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हसून. "सोमवारपासून या," ते सुवर्णाला म्हणाले. "हैदराबादच्या हेड ऑफिसला पाठवायला मात्र एवढं सगळं चालणार नाही. दोन पानं, बस."

"हद्दी राहू द्या, साहेब," भगवानराव म्हणाले.

"हद्दी नकोत."

"पश्चिमेची तरी?"

"बाबा!"

शेवटी सुवर्णाचं एक पान आणि म्हशीचं एक पान ठरलं. ऑपरेशन म्हशीच्याच पानावर होतं, त्यामुळे तेही हैदराबादला जाणार होतं. उरलेला गठ्ठा भगवानरावांनी मानानं परत घेतला.

दोघं ऑटोत बसले. ऑटो निघाला, चौक ओलांडला, आणि भगवानराव एकदम ओरडले, "अवं, पगार इचारला का तुनं?"

सुवर्णानं कपाळावर हात मारला. "मले वाटलं तुमी इचारला!"

"थांबव रे बाप्पा, थांबव!"

डेअरीच्या फाटकापाशी येऊन भगवानराव उभेच राहिले. "तू जा आत. मी गेलो तं लय बोलीन."

सुवर्णा आत गेली.