एकवीस शून्य शून्य

टेबलावर सहा बिनतारी संच होते. पाच नवे, प्रत्येकाला निळा उजळ पडदा. सहावा मी. मित्रांनो, मी एक जुना हाय फ्रिक्वेन्सी संच आहे. मला चार बटणं आहेत, त्यातलं एक डगमगतं.

कारखान्यातून निघालो तेव्हा मीही चकचकीत होतो. मग मला वणव्यांवर नजर ठेवणाऱ्या खात्याच्या या खोलीत आणलं. डोंगरापलीकडच्या चौक्यांवर फोन लागत नाही, तिथे माझा आवाज पोचायचा. ऑपरेटरकाका मला रोज मऊ फडक्याने पुसायचे. "हा आहे म्हणून आपण आहोत," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. आज तेच फडकं नव्यांच्या पडद्यांवरून फिरत होतं. माझं अंग तापलं, ते काही विजेने नव्हे.

तंत्रज्ञ ताई त्या दिवशी सामूहिक हाक बसवायला आल्या होत्या. आग दिसली की एकेका चौकीला बोलावत बसायला नको, एकाच नंबरावर सगळे संच वाजायला हवेत. साहेबांनी दारातूनच बजावलं होतं, "जो वाजणार नाही, तो संध्याकाळी भंगारात."

ताईंनी नव्यांना एकवीसने सुरू होणारे नंबर दिले. त्यांचा हात माझ्याकडे वळताच काका आडवे आले.

"याचा चौतीस शून्य सात राहू दे. टोकाच्या चौकीवर माझा धाकटा भाऊ असतो. त्याला तोच पाठ आहे."

ताई अंगणातल्या जीपमध्ये जाऊन बसल्या आणि तिथल्या संचावरून त्यांनी एकवीस शून्य शून्यला हाक दिली. पाचही नवे एकदम वाजू लागले. काय तो तोरा! हाक मलाही स्वच्छ ऐकू आली होती. पण ती माझ्यासाठी नव्हती, म्हणून मी मुकाट बसलो आणि जळत राहिलो.

"संपला बिचारा," साहेब म्हणाले.

"संपला कुठे? धडधाकट आहे," परत आलेल्या ताई म्हणाल्या. "काका, पहिले दोन आकडे गटाचे. पुढे दोन शून्यं लावली की एकवीसवाले सगळे वाजतात. हा पडला चौतीसवाला. याला हाकच मारली नाही, तर हा ओ कसा देणार?"

काकांचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्याच हट्टापायी हा भंगारात चालला होता?"

"तुमचाच लाडका ना! पहिले दोन आकडे फक्त बदलते. भावाच्या लक्षात राहतील ना?"

"त्याच्या लक्षात स्वतःच्या लग्नाची तारीख राहत नाही. बरं, बदल."

माझा नंबर एकवीस शून्य सात झाला.

मित्रांनो, जुनी वस्तू गप्प बसली म्हणून तिला फेकू नका. तिला शेवटची हाक कधी मारली होती, ते आधी आठवा. आणि जमलं तर फडकं सगळ्यांवरून सारखं फिरवा.

आता हे संच चौक्यांवर वाटायचे होते. टोकाच्या चौकीवरचा काकांचा भाऊ दिवसभर बाहेर मनोऱ्यावर असतो, म्हणून सगळ्यांत मोठ्या आवाजाचा संच तिकडे जाणार होता. ताईंनी साहेबांना जीपमधून हाक द्यायला सांगितलं आणि स्वतः आवाज मोजायचं मापक घेऊन टेबलापासून दोन मीटरवर उभ्या राहिल्या.

सहाच्या सहा वाजले. मग साहेबांनी एकेकाला त्याच्या नंबरावर वेगळी हाक दिली आणि ताईंनी प्रत्येकाचा आवाज मोजला. नव्यांतला सगळ्यांत मोठा: एकसष्ट डेसिबल. मी: अडुसष्ट.