शकुनचं नाव यादीत होतं

पवनीच्या आमच्या चर्चमध्ये आजाऱ्यांची यादी मी लिहिते. रविवारी उपासनेत पाळक ती वाचतात आणि मंडळी एकेका नावासाठी प्रार्थना करते. आषाढापासून पहिलं नाव शकुनबाईचं होतं. अंगणात घसरून तिचा खुबा मोडला, ऑपरेशन झालं. ती माझी लहानपणची मैत्रीण. दर शनिवारी मी वळणदार अक्षरात तिचं नाव लिहायची आणि वाटायचं, आपलं काम झालं.

दिवाळीनंतर तिच्या मुलाचा, भुपेंद्रचा पुण्याहून फोन आला. "मावशी, नाताळाले येतो अन् आईले घेऊनच जातो. एकटी कशी राहीन ते?"

तेव्हा कुठे मी उठले. तिचं घर चर्चपासून चार गल्ल्यांवर.

शकुन खाटेवर बसली होती. केसांच्या जटा झालेल्या.

"ये रत्ना. रस्ता सापडला काय?"

"अवं, आमी दर रविवारी तुह्यासाठी प्रार्थना करतो."

"देवाले माहा पत्ता सांगता, अन् तुमालेच ठावं नाही! शेजारची बायजाबाई रोज भाजी आणून देते. ते विहारात जाते, चर्चमंदी नाही." मग तिनं माझा हात धरला. "मले पुण्याले नाही जायचं, रत्ना. ह्यांच्या बाजूलेच मातीत जायचं हाय मले."

परतताना मला आमचे जुने धनीराम पाळक आठवले. माझी आई तापानं महिनाभर पडून होती, तेव्हा ते सायकलवरून यायचे. आधी हंड्यात डोकावायचे. पाणी नसलं तर स्वतः विहिरीवर जायचे. बायबल त्यानंतर उघडायचे. आई लाजून पदरात तोंड लपवायची.

रविवारी आमचे तरुण पाळक योगेंद्र यादी वाचू लागले, तशी मी उभी राहिले.

"पाळकसाहेब, शकुनसाठी आज नुसती प्रार्थना नको. सोमवारी तिचं पाणी कोण तापवील, ते आधी विचारा."

मागून पाळकांची बायको टीना म्हणाली, "सोमवार माझा."

"मले सैपाक येत नाही," राइस मिलमधला कैलाश म्हणाला, "पन मंगळवारी पानी भरतो. न्हानीत धराले पाइप लावून देतो."

"बुधवारी मी भांडी घासीन," पाळक म्हणाले. बाया खुदखुदल्या. त्यांनी खरंच घासली. पहिल्या बुधवारी कढई करपटच राहिली, ती शकुननं परत घासायला लावली.

भुपेंद्र नाताळच्या आदल्या दिवशी गाडी घेऊन आला. तो गुरुवार, माझा वार. मी शकुनचे केस विंचरत होते. त्यानं न्हाणीतला पाइप हलवून पाहिला, चुलीवरचं गरम पाणी पाहिलं.

"मावशी, हे किती दिवस चालन? मंग सारे विसरतीन."

"पाच महिने विसरलोच होतो, बाबू," मी म्हटलं.

"विसरले तर मी बोंबलीन ना," शकुन म्हणाली. "माहा खुबा मोडला, गळा नाही."

भुपेंद्रला हसू आलं, डोळेही भरले. "उन्हाळ्यापर्यंत राह्य. मी दर महिन्याले येऊन पाहीन."

मग माझ्या हातातली फणी घेऊन तो आईमागे बसला. वेणी काही त्याला जमेना. दोनदा सोडून पुन्हा घातली, तरी वाकडीच झाली. शकुननं ती तशीच ठेवली.