आडवी जाळी

शाळा मी सोडली की शाळेने मला, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. पण घरी बसले तसं आईने परसातल्या कोंबड्या माझ्या गळ्यात घातल्या. वर अट: "एवढं तरी धड कर. नाहीतर आत्याच्या दुकानात बसायचं."

आत्याचं दुकान बटणांचं. कपाटाएवढी खोली. दिवसभर स्टुलावर बसून बटणांचे रंग जुळवायचे. एकदा दुपारभर बसवलं होतं मला, तर संध्याकाळी वाटायला लागलं की आपल्यालाही कुणीतरी शर्टाला टाचून टाकलंय.

म्हणून चष्मेवाली मेली तेव्हा माझं डोकंच फिरलं. चष्मेवाली म्हणजे डोळ्यांभोवती पांढरी कडी असलेली तांबडी कोंबडी. सकाळी खुराडं उघडलं तर कोपऱ्यात पडलेली. मानेवर चावा, बाकी जशीच्या तशी. तिच्याआधी बांडी नावाची कोंबडीही अशीच गेली होती.

आई दवाखान्याच्या चादरी धुवायला जाते. ती निघायच्या घाईत होती, तरी येऊन बघून गेली. ओरडली नाही. ती ओरडत नाही तेव्हा समजायचं, आपलं काही खरं नाही.

"अजून एक गेली की खुराडं बंद. आत्याला मी सांगून ठेवते."

"माझी काय चूक?"

"चोर उजाडता उजाडता येतो आणि राखणदार उन्हं अंगावर आली की उठते. चूक कोंबडीचीच असणार."

चोर कोण ते मला माहीत होतं. शेजारच्या प्लंबरकाकांचा कुत्रा. सारखा आमच्या कुंपणाला नाक लावून उभा असतो. मी झाडू उचलला आणि सरळ त्यांच्या दारात गेले.

"काका, कुत्र्याला आवरा. नाहीतर मी त्याचं काय करेन, माझं मलाच माहीत नाही!"

काका पायरीवर बसून नळाचे लोखंडी पाने पुसत होते. "काय केलं त्याने?"

"कोंबडी मारली!"

"याने?" काकांनी कुत्र्याचा ओठ वर केला. नुसत्या हिरड्या. मागे एक दाढ, तीही डुलणारी. "पाव भिजवून भरवतो मी याला. तुझी कोंबडी काय चोखून मारली?"

"मग कुंपणाला नाक लावून काय करतो?"

"म्हातारा झालाय. टीव्ही काही त्याला कळत नाही."

झाडू पाठीमागे लपवत मी परत आले. मग कुठे खुराड्याकडे नीट बघितलं. राग असला की मला समोरचा हत्ती दिसत नाही, आणि उतरला की मुंगीचे पायही दिसतात. जाळीच्या खाली, भिंतीला अगदी चिकटून, एक भोक होतं. माझी मूठ जाईल एवढंच. माती बाहेर उडालेली, त्यावर बारीक नखांच्या रेघा. कुत्र्याचं तर डोकंसुद्धा गेलं नसतं त्यातून.

मुंगूस.

भोकात दगड ठोकले. दुसऱ्या दिवशी शेजारी दुसरं भोक, अर्धवट उकरलेलं. तिथे विटा पुरल्या. त्याने विटांच्या खालून उकरलं. मी आणखी खोल खणलं. तळहाताला फोड आले, पहारीला माझ्या शिव्या पाठ झाल्या. बाबा वेल्डिंगच्या कामावरून आले, खड्ड्यात डोकावले आणि म्हणाले, "पाणी लागलं की सांग. विहीर बांधून टाकू."

"तुम्ही मदत करा, नाहीतर गप्प बसा!"

बाबा गप्प बसले. मदत करण्यापेक्षा ते सोपं.

कोंबड्या घरात घ्यायला आईने साफ नकार दिला होता. शिवाय सरकार खुडूक बसली होती. सरकार म्हणजे आमची काळी कोंबडी. अंड्यांवर बसली की कुणाच्या बापाचं ऐकत नाही. हात नेला की टोचते, हलवलं तर अंडी टाकून उठेल, आणि मुंगूस आलं तरी जागची हलणार नाही. म्हणजे पुढचा नंबर तिचाच होता. आणि मग माझा, स्टुलावर.

आता एकच उरलं होतं, बसून बघणं. आणि बसणं मला जमत नाही. घरी सगळे म्हणतात, हिच्या पायाला भिंगरी आहे. तरी भल्या सकाळी पाण्याच्या टाकीवर चढून बसले. पाय हलायला लागले की दुसऱ्या पायाखाली दाबायचे. नखं खाऊन संपली. जांभई आली ती तोंड दाबून दिली.

आलं. कुंपणाच्या कडेने, पोट जमिनीला घासत, थांबत, पळत. खुराड्यापाशी पोचलं, जाळीला नाक लागलं आणि तिथेच खसाखसा उकरायला लागलं. मी चप्पल भिरकावली. पळालं. थोड्या वेळाने परत आलं, जाळीला नाक लावलं, पुन्हा तिथेच. दुसरी चप्पल फेकली. गेलं, आलं, नाक, आणि परत तिथेच.

माझ्या चपला संपल्या तेव्हा डोक्यात उजेड पडला. हे एक पाऊल मागे सरून उकरत नाही. जिथे नाक अडतं तिथेच उकरतं. मग मी पाताळ कशाला खणतेय? जाळी उभी पुरायचीच नाही. खुराड्याच्या पायापासून बाहेर, जमिनीवर चटईसारखी आडवी पसरायची. भिंतीपाशी येईल ते जाळीवरच उभं राहील. उकर म्हणावं.

पण जाळी हवी. आणि जाळीची गुंडाळी कुठे पडलीय ते मी कितीदा तरी पाहिलेलं. प्लंबरकाकांच्या पत्र्यावर.

त्यांच्या दारात मी बराच वेळ नुसतीच उभी राहिले. कुत्रा शेपटी हलवत आला. त्याला काहीच लक्षात नव्हतं.

"आज झाडू नाही आणला?" काका म्हणाले.

"काका, ती पत्र्यावरची जाळी... तुम्हाला लागते का?"

"चोराच्या घरचा माल चालतो का तुला?"

"मुंगूस होतं ते. तुमच्या कुत्र्याने काही नाही केलं." मग जीभ चावून म्हटलं, "चुकलं माझं."

"मला काय सांगतेस? त्याला सांग."

मी कुत्र्याला सांगितलं. त्याने माझा हात चाटला, हिरड्यांनी जरा चावूनही बघितला. काकांनी शिडी लावली.

सगळी दुपार गेली. काका पकडीने तार पिळत होते, मी दगड ठेवत होते. जाळीचं एक टोक खुराड्याच्या पायाला घट्ट बांधलं, दुसरं बाहेर जमिनीवर, चारी बाजूंनी. दारापाशीसुद्धा. बाबा आले, मुकाट्याने बुटांनी कोपरे दाबत फिरले.

सकाळी मी आईला उठवलं. मी तिच्याआधी उठलेय यावर तिचा विश्वासच बसेना. चहा घेऊन ती मागच्या दारात उभी राहिली. पलीकडे काका दात घासत होते.

मुंगूस आलं. जाळीला नाक लावलं. उकरायला लागलं. नखं तारेवर किरकिरली. थांबलं, जोर लावला, पुन्हा तिथेच. एक पाऊल मागे सरलं असतं, पाठीमागे मोकळी माती होती. नाही सरलं.

"डोकं आपटेल, पण मागे नाही सरणार," काका तोंडातल्या फेसातून म्हणाले. "ओळखीचं वाटतंय कुणीतरी."

आई हसली, चहा सांडेपर्यंत. आतून सरकार कुरकुरली, झोपमोड झाल्यासारखी.

मला हसू येत नव्हतं. मुंगूस उकरायचं थांबलं होतं. मागच्या दोन पायांवर उभं राहून ते वर बघत होतं. मीही वर बघितलं. पत्रा आणि भिंत यांच्यात फट. मूठ जाईल एवढी.

"काका! तार उरलीय का?"

चढता चढता मला आईचा आवाज आला. आत्याला फोन लावला होता तिने. "नाही, नाही पाठवत. स्टुलावर काय बसतेय ती? ही बघ, छपरावर चढली."