बटणवाल्या आजोबांचा स्टॉक

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका अरुंद दुकानात शिरा. पोट आत घ्या, नाहीतर अडकाल. दोन्ही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत खण, आणि खणांत फक्त बटणं. शिडीवर बसलेत ते बटणवाले आजोबा. खाली उभी आहे ती त्यांची नात, आणि ती विचारते आहे,

"आजोबा, बाबा फोनवर ओरडत होते, स्टॉक पडला म्हणून. तुझा नाही ना पडला?"

"माझा कशाला पडेल? अगं, विकायला भरून ठेवलेला माल म्हणजे माझा स्टॉक. तुझ्या बाबांचा वेगळा. समज, एक मोठा कारखाना आहे. एकट्याला झेपणारा नाही, म्हणून पुष्कळ जण मिळून घेतात. ज्याच्या वाट्याला जेवढा तुकडा, तेवढे त्याचे शेअर. त्यालाही स्टॉकच म्हणतात. पडला म्हणजे भाव उतरला."

"मग बाबा तिथे जाऊन आपला तुकडा बघतात?"

"छे! फोनवर बघतात आणि घरात चिडचिड करतात."

"तुकडा असला की काय मिळतं?"

"कारखाना चालला तर नफ्यातला वाटा. शिवाय चार शब्द बोलायचा हक्क. छोटासा का होईना, मालकच ना तो!"

"मग या दुकानात माझा तुकडा किती?"

आजोबा खुशीत आले. "निम्मं दुकान तुझं, जा!"

बोलून गेले खरे. पण आजोबांचा एक नियम होता, तो आधी ऐका. बटणं बनवणारा कारखाना कधीच बंद पडला होता. रिकामा झालेला खण पुन्हा भरत नसे. म्हणून खणातलं शेवटचं बटण विकायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. असं करता करता बहुतेक खणांत एकेकच बटण उरलं. आता ते रोज दुकान उघडत आणि येणाऱ्या प्रत्येकाला अगदी प्रेमाने नाही म्हणत.

तेवढ्यात बँडच्या हिरव्या कोटातली एक मुलगी धापा टाकत आत आली. काखेत ट्रम्पेट, आणि कोटाच्या पोटावर बटणाच्या जागी नुसता दोरा.

"काका, असलं एक बटण द्या ना! जोरात फुंकायला गेले आणि उडालं. आज पहिल्यांदा मला पुढच्या ओळीत उभं करणार आहेत. कोट असा दिसला तर मास्तर मागे पाठवतील."

आजोबांनी खण उघडला. हुबेहूब तसंच हिरवं बटण. एकच.

"आहे," ते म्हणाले, "पण देता येणार नाही. तो स्टॉक आहे."

"अहो, मग विकता काय तुम्ही?"

"स्टॉक संपू न देता जे विकता येईल ते."

"आजोबा, दे ना," नात म्हणाली. "निम्मी मालकीण मी आहे. माझं मत, द्यायचं."

"आणि माझं, नाही द्यायचं. बरोबरी झाली."

"मग माझं मत घ्या!" ट्रम्पेटवाली म्हणाली.

"गिऱ्हाइकाला मत नसतं, बाई."

नातीने क्षणभर विचार केला. "बरं. मग बटणाचा माझा निम्मा तुकडा मी ताईला देते. तुझा निम्मा तू ठेव."

"अगं, बटण कापायचं?"

"काप ना. तुझा स्टॉक तर शिल्लक राहील."

ट्रम्पेटवालीला हसू फुटलं. आजोबांनी बटण तळहातावर घेतलं, कुठे कापता येईल ते पाहिल्यासारखं केलं, मग सुईत दोरा ओवला. टाके त्यांनी स्वतःच घातले. इतके घट्ट, की कोट फाटेल पण बटण हलणार नाही.

"आता फुंक हवं तेवढं," ते म्हणाले. ती धावत सुटली.

आजोबा रिकामा खण मांडीवर घेऊन बसले. आत बोट फिरवलं, बोटाला धूळ लागली.

"वाईट वाटतंय?" नातीने विचारलं.

"किती वर्षं होतं गं ते इथे."

"आता पुढच्या ओळीत आहे."

नातीने मग शेजारचा खण ओढून काढला, कानाशी नेऊन हलवला. आत एकच बटण खुळखुळलं. खण पोटाशी धरून ती दाराच्या पायरीवर जाऊन उभी राहिली आणि रस्त्याकडे तोंड करून ओरडली,

"कुणाचं बटण तुटलंय का?"