न भरणारी काळी डबी

"अजून जागा आहे! माशाल्ला, अजूनही जागा आहे!"

हा ओरडा ऐकून तिसऱ्या मजल्यावरचा दंतवैद्य हातातले काम टाकून खाली धावला होता, आणि त्याच्या मागोमाग अर्धा गाल बधिर झालेला त्याचा रोगीही. अलेक्झांड्रियातल्या मनशिय्या भागात आमची जुनी इमारत, मजल्यामजल्यावर कचेऱ्या. त्या दिवशी तळमजल्यावरच्या चहावाल्याच्या टेबलाभोवती सगळ्या कचेऱ्या ओस पाडून लोक जमले होते. मधोमध हाज बयूमी, मक्केची यात्रा केलेला म्हणून हाज. पांढरीशुभ्र पायघोळ गलाबिया, अत्तराचा घमघमाट, मनगटाला जपमाळ. समोर लॅपटॉप आणि त्याला जोडलेली तळहाताएवढी काळी डबी. डबीला निळा मणी बांधलेला.

"घाला, घाला!" हाज म्हणत होता. "तुमच्या कचेरीचं घाला, शेजाऱ्याचं घाला. बाजारातले ड्राइव्ह भरतात, कारण ते पैशासाठी बनवलेत. हा दुआ करून बनवलाय. यात बरकत आहे. बरकतीला तळ नसतो, भाऊ!"

वकिलाने आपले सगळे खटले ओतले. दंतवैद्याने दातांचे फोटो ओतले. चहावाल्याने साठवलेले सगळे फुटबॉलचे सामने ओतले. डबी गिळत गेली, आणि पडद्यावर मोकळी जागा दिसतच राहिली. मग हाजने चहावाल्याचा शेवटचा सामना उघडून दाखवला. चेंडू जाळ्यात गेला, लोकांनी टाळ्या पिटल्या आणि जो तो आपली डबी विकत घेऊ लागला.

"पथ्य एकच," हाजने आवाज खाली आणला. "मागे वळून मोजायचं नाही. काय घातलं, किती घातलं, उघडून बघत बसायचं नाही. मोजलं की नजर लागते, आणि नजर लागली की बरकत उठून जाते. तुमच्या आजीने कोंबडीची पिल्लं कधी मोजली होती का?"

कुणाच्याच आजीने मोजली नव्हती. हाजने नेमकी तीच नस पकडली होती. आमच्याकडे मुले किती विचारले तर माणूस आकडा न सांगता देवाची कृपा सांगतो, आणि धंदा कसा विचारले तर बरा चाललेलाही रडगाणे गातो. नजरेची भीती आईच्या दुधाबरोबर पोटात गेलेली. त्या भीतीवर हाजने आपले दुकान थाटले होते.

हाजच्या शेजारी खास खुर्चीवर हाजा इन्शिराह बसली होती. सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणारी म्हातारी. तिची नजर थंड, तिने पाहिले की भले होते, अशी साऱ्या मोहल्ल्याची खात्री. लग्नाआधी नवरीला तिच्यापुढे आणून बसवतात. हाजने पहिली डबी तिच्या हातात देऊन तिचा हात आपल्या डोक्याला लावला होता. "हिच्या नजरेत शिफा आहे, गुण आहे! हिने पाहिलं, आता डबीला काय धोका?"

मी जिन्याच्या पायरीवर उभा होतो आणि जळत होतो. उगाच सभ्यपणा कशाला दाखवू? माझे नाव लुत्फी. या इमारतीतल्या कचेऱ्यांचे कॉम्प्युटर मीच सांभाळतो. "दोन ड्राइव्ह घ्या, एक कचेरीत, एक घरी ठेवा, चालू असताना ओढून काढू नका, अधूनमधून उघडून बघा," हे सांगून सांगून माझा घसा बसला होता. माझे सांगणे म्हणजे कडू काढा. आणि हा कालचा अत्तरवाला एक मणी बांधून येतो आणि वकील त्याचा हात चुंबतो!

त्यातही खरा काटा दुसऱ्या मजल्यावर होता. तिथे मादाम समीहाची वास्तुरचनेची कचेरी. समीहा हाजा इन्शिराहची मुलगी. कचेरी आधी तिच्या वडिलांची, फुआद बे यांची; बे म्हणजे साहेब. शहरातल्या कितीतरी जुन्या घरांचे नकाशे त्या माणसाने हाताने काढले होते. एका हिवाळ्यात नव्वा आली, ते समुद्रावरचे वादळ छप्पर फाडून आत शिरले आणि कागदांचा लगदा झाला. पण त्याआधी मी ते सगळे नकाशे स्कॅन करून कॉम्प्युटरमध्ये घेतले होते. आता ते फक्त तिथेच होते. समीहाचे स्वतःचे सारे कामही तिथेच.

एवढे करूनही मला त्या कचेरीत चहा मिळायचा तो साध्या काचेच्या ग्लासात. सोनेरी काठाचा कप काचेच्या कपाटात असे. मी तो कितीदा पाहिला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मी वर गेलो, तर त्या कपातून हाज बयूमी कॉफी पीत होता.

आणि दाराशी समीहाचे सगळे जुने कॉम्प्युटर दोरीने बांधून ठेवले होते.

"हे काय, मादाम?"

"लुत्फी, या ना," समीहा उत्साहाने म्हणाली. "सगळं डबीत घातलं. बाबांचे नकाशे, माझे, सगळे. मावले! हाज हे जुने घेऊन जातायत. बदल्यात नवे कॉम्प्युटर मिळणारेत, स्वस्तात. अस्रच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर हातगाडी येतेय."

"जुनी भांडी घरात ठेवू नयेत, बेटी," हाज कप ओठाला लावत म्हणाला. "ओझं मी उचलतो. आतलं पुसूनही टाकतो, म्हणजे परक्याच्या नजरेला पडायला नको."

माझी कानशिले तापली. जुन्या कॉम्प्युटरच्या डिस्क बाजारात चांगल्या खपतात, हे मला ठाऊक होते. म्हणजे हा डबी विकून कमावणार आणि डिस्क नेऊनही कमावणार. आणि पुसल्यावर फुआद बेंचे नकाशे जगात कुठेही उरणार नव्हते.

"आधी डबी उघडून एखादा जुना नकाशा बघा तरी."

"बघितला की. आज सकाळचाच उघडला, छान उघडला."

"सकाळचा म्हणजे शेवटचा! हा माणूस नेहमी शेवटचंच उघडून दाखवतो. पहिलं उघडा."

हाजने कप खाली ठेवला आणि माझ्या तोंडासमोर नजर परतवणारा पंजा पसरला. "पाच बोटं तुझ्या डोळ्यात! बघ बेटी, बघ याचे डोळे. जळतोय! असा माणूस समोर असताना डबी उघडायची?"

मी खिशातून तशीच एक डबी काढली. माझ्या मावशीला पाठवून मी ती आदल्या दिवशीच विकत आणवली होती. "ही बघा. मी यात गाणी भरली. नावं सगळी दिसतात. शेवटची वाजतात, पहिली वाजत नाहीत!"

"ऐकलंत?" हाज शांतपणे म्हणाला. "हसूद, जळक्या माणसाच्या हातात गेली आणि बरकत उडाली. मी वेगळं काय सांगत होतो?"

बस. माझाच पुरावा माझ्या गळ्यात! जितके खरे बोलावे तितका मी मत्सरी ठरत होतो. आणि गंमत म्हणजे मी मत्सरी होतोच. समीहाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू मी तिच्या तान्ह्या बाळाकडे टक लावून बसलोय.

"लुत्फी, वाईट वाटून घेऊ नका," ती म्हणाली, "पण तुमचं आजकाल जरा... हाज आल्यापासून तुमचा चेहराच बदललाय."

मी बाहेर पडलो. नेहमीप्रमाणे लिफ्ट बंद होती. रागारागाने खाली उतरणार, तेवढ्यात मनात आले: हा नजरेचा किल्ला बाहेरून फुटणार नाही. आतूनच दार उघडायला हवे. मी वळलो आणि धापा टाकत सगळ्यात वरच्या मजल्यावर गेलो.

हाजा इन्शिराह वेलीच्या पानांत भात गुंडाळत बसली होती.

"हाजा, फुआद बेंचे नकाशे नव्या डबीत गेलेत. जुने कॉम्प्युटर आत्ता जाणारेत. एकदा तुम्ही खाली या आणि तुमच्या नजरेनं बघा."

तिने मान वर केली. "तुझं पोट दुखतंय ना रे त्या बयूमीवर?"

"दुखतंय, हाजा. खोटं कशाला बोलू?"

"दुखू दे. तुझं पोट दुखतं म्हणून तो साधू होत नाही." तिने हात पुसले आणि काठी घेतली. "चल. माझ्या माणसाचं काम कुठे ठेवलंय ते मला बघू दे."

आम्ही दुसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा हातगाडीवाला आला होता आणि पहिला कॉम्प्युटर दाराबाहेर गेला होता. मी उंबऱ्यावरच थांबलो, भिंतीकडे तोंड केले आणि मोठ्याने म्हणालो, "मी बघत नाही! माझी नजर भिंतीवर आहे. हाजा बघतील."

आतून हाजचा आवाज आला, पण त्यातला मध आटला होता. "कशाला त्रास, अम्मा? तुम्ही नुसता हात ठेवा डबीवर, पुरे."

"हात काल ठेवला. आज बघायचंय," म्हातारी खुर्चीत बसत म्हणाली. "समीहा, ते काढ, रशीद गावातलं घर. लाकडी जाळीच्या खिडक्यांचं. बाबांचं पहिलं काम ते."

"अम्मा, मोजू नये..." हाज मध्येच म्हणाला.

"मोजत कुठे आहे? एकच बघतेय. आणि काल तूच गर्दीत ओरडलास ना, माझ्या नजरेत शिफा आहे म्हणून? की ती फक्त काल होती?"

समीहाने नाव शोधले. नाव होते. उघडायला सांगितले, तर पडद्यावर फाइल खराब असल्याची सूचना आली. दुसरा नकाशा उघडला, तीच सूचना. तिसरा, चौथा. मी भिंतीकडे तोंड करून समीहाचा श्वास ऐकत होतो.

"सगळी नावं आहेत, अम्मा," ती कापऱ्या आवाजात म्हणाली. "आत काहीच नाही."

हाज घाईने म्हणाला, "जिन्यात कुणीतरी जळका..."

"जिन्यात कुणी नाही," म्हातारी गरजली. "मी या मोहल्ल्यातल्या नवऱ्या बघितल्या, त्यांच्या लेकी बघितल्या. एकीचंही वाईट झालं नाही, आणि तुझी डबीच तेवढी माझ्या नजरेनं वांझ झाली? लुत्फी! भिंत सोड आणि आत ये. फोड ती डबी."

मी पेचकस लावला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ उघडली तेव्हा आतून नखाएवढी एक चिप निघाली, मोबाइलमध्ये असते तशी. आणि वजन यावे म्हणून डिंकाने चिकटवलेले दोन गंजके नट.

"जागा एवढीशीच आहे," मी समजावले. "पण चिपला खोटं बोलायला शिकवलंय. दोन खोल्यांचं लॉज आहे असं समजा. मालक येईल त्याचं नाव वहीत लिहितो, कुणालाच नाही म्हणत नाही. तिसरा आला की पहिल्याला मागच्या दारानं बाहेर काढतो. वहीत शेकडो पाहुणे असतात, पण खोलीत फक्त शेवटचे दोन. म्हणून ती कधी भरत नाही, आणि म्हणून हा शेवटचंच उघडून दाखवतो. मागे बघू नका का म्हणतो, तेही कळलं ना?"

हाज दाराकडे सरकला. दारात म्हातारीची काठी आडवी झाली. "देवाचं नाव घेऊन डबी उघडली तर पळून जाते ती कसली बरकत रे? आधी तो कॉम्प्युटर आत आण, मग जा."

हाजने तो स्वतः उचलून आणला. गलाबिया धुळीने माखली. मला किती बरे वाटले ते सांगत नाही.

खाली मात्र कुणाला बरे वाटले नाही. बातमी पोचताच सगळ्यांनी आपापल्या डब्या उघडल्या. चहावाल्याकडे शेवटचा सामना उरला होता, तोही आपला संघ हरलेला. दंतवैद्याने जुन्या रोग्यांचे फोटो मूळ कॉम्प्युटरमधून लगेच पुसून टाकले होते, जागा मोकळी करायला. तो पायरीवर डोके धरून बसला. त्याला मी काहीच देऊ शकलो नाही. ज्याच्यावर दुसरे लिहिले गेले ते परत आणणारा मंत्र माझ्याकडेही नाही.

समीहाच्या डिस्क वाचल्या. मी दोन चांगले ड्राइव्ह आणले, एक कचेरीत आणि एक हाजाच्या कपाटात, साखरेच्या डब्यामागे. सगळे उतरवून झाल्यावर मी हात झटकले आणि सोनेरी काठाच्या कपाकडे जरा आशेने पाहिले.

"लुत्फी," समीहा म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर उभे राहता का? मला उघडून बघायचंय."

"माझं काम? माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे. ड्राइव्हवर नाही."

तिने पहिला नकाशा उघडला, मधले चारपाच उघडले, शेवटचा उघडला. एवढ्यावर न थांबता आता दर महिन्याला ती शहराच्या स्मूहा भागातून एका तरुण इंजिनिअरला बोलावते, माझे काम तपासायला. देखणा आहे पोरगा, केस मागे वळवतो. सोनेरी काठाच्या कपातून कॉफी त्याला मिळते. मी शेजारी माझा ग्लास धरून बसतो.

तेव्हा वाचकहो, कुणी हाज असो की हा लुत्फी, जो उघडून बघू नका म्हणेल त्याच्या हातात आपले काही ठेवू नका. साठवून ठेवलेले परत काढून पाहिल्याशिवाय ते आहे असे मानू नका. आणि नजरेची भीती वाटत असेल तर महिन्याच्या पहिल्या रविवारी समीहाच्या कचेरीत या. मी त्या कपाकडे आणि त्या पोरट्याकडे पोटभर जळून पाहत असतो, आणि माझ्या डोळ्यांदेखत फुआद बेंचे नकाशे एकामागून एक उघडतात. रशीदच्या त्या खिडक्यांच्या जाळीतली एक रेषसुद्धा अजून पुसली गेलेली नाही.